निवळलेलं नाक

फोन आला तेव्हा मी वन्संच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. पलीकडून साबणाच्या कंपनीतली मॅडम बोलत होती. म्हणाली, "अभिनंदन, तुमचं काम सोमवारपासून सुरू होतंय." मी अजून "हो का, हो का" करतेय तोवर तिने त्याच दमात पुढचं सांगून टाकलं, "फक्त एक छोटासा बदल आहे. आधी आपण तीन महिने शिकाऊ आणि मग कायम असं म्हटलं होतं ना, तर आता तीन महिने शिकाऊ, आणि मग बघू." फोन बंद झाला. मी तशीच भिंतीकडे बघत बसले. पिशवी केव्हा कलंडली कळलं नाही. वन्सं ओरडल्या, "अगं, भाजतंय मला!" मी म्हटलं, "मला पण."

बघू. एवढासा शब्द, पण माझं अर्धं आयुष्य त्याच्या पोटात गेलंय. ज्या लाँड्रीत मी अठरा वर्षं इस्त्री केली तिथला मालक हाच शब्द बोलायचा. माणूस वाईट नव्हता हो. नाही म्हणणारा माणूस परवडतो, त्याच्याशी निदान भांडता येतं. बघू म्हणणाऱ्याचं काय करणार? तो तर तुमच्या बाजूनेच उभा असतो. शेठ, आम्हाला कायम करा. बघू. शेठ, बाळंतपणात तरी रोज चालू ठेवा. बघू. आम्ही सगळ्या रोजावर. आज आलात तर आजचा दिवस तुमचा, नाही आलात तर तो दिवस उगवलाच नाही असं समजायचं. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी मी इस्त्रीपुढे उभी होते. कुठल्याशा हॉटेलच्या चादरी होत्या, ढीगच्या ढीग. रडू आलं की चादरीवर पाणी पडायचं आणि त्यावरून इस्त्री फिरवली की चर्र व्हायचं. शेजारची म्हणाली, बरंय बाई तुझं, पाणी शिंपडायला नको. आम्ही दोघी हसलो पण. मग एका सकाळी शटर वर गेलंच नाही. आम्ही बाहेर उभ्या, मालकही बाहेर उभा, त्याच्याकडे पण किल्ली नव्हती, कुणीतरी कुलूप घालून गेलं होतं. आम्हाला कुणी काढलं नाही बरं का. अठरा वर्षं म्हणजे एकेका दिवसाच्या हजारो नोकऱ्या, त्यातली पुढची मिळाली नाही, इतकंच. घरी आले आणि दिवसभर हाताला काय करायचं ते सुचेना. हात आपोआप हवेत पुढे-मागे व्हायचा. आमचे हे म्हणाले, "अगं, कुणाला इस्त्री करतेयस?"

तर या साबणाच्या कंपनीला नाकं हवी होती. हसू नका, खरंच. धुतलेल्या कपड्यांचा वास बरोबर आलाय का, दुसऱ्या दिवशी किती टिकतो, ओला असताना कसा आणि सुकल्यावर कसा, हे मशीनला कळत नाही म्हणे. त्याला माणूस लागतो. ओळीने छोट्या छोट्या खोल्या, एकेका खोलीत एकेक माणूस, भिंतीतल्या खिडकीतून टॉवेल येणार, हुंगायचा आणि सांगायचं. शिक्षणाची अट नव्हती. परीक्षा घेतली ती पण वासाचीच, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या एकामागून एक नाकाखाली धरल्या. परीक्षा घेणारे साहेब म्हणजे एक वाळका, अबोल माणूस. सगळे त्यांना नाकवाले साहेब म्हणत. त्यांचं स्वतःचं नाक एवढंसं, सदऱ्याच्या बटणासारखं. मला वाटलं, यातून काय हवा जात असेल! पण पास केलं त्यांनी मला. सही घेतली. मी सही करून पेन खाली ठेवलं तसे म्हणाले, "आता नाक जपायचं. कांदा, लसूण, तंबाखू, अत्तर, सुगंधी तेल, बाम, ब्लीच, काही काही नाही. नाक म्हणजे आता तुमचं हत्यार." मी म्हटलं, "जपते साहेब." तीन महिने शिकाऊ, मग कायम. हा शब्द मी रस्त्यात मोठ्याने म्हणून बघितला. एक माणूस वळून बघायला लागला.

त्याच संध्याकाळी मी घरात कायदा लावला. कांद्याची टोपली शेजारणीला दिली. आमचे हे हताश होऊन बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आजपासून आपल्या घरात नुसते नाकानेच कांदे सोलायचे!" ते बसच्या गॅरेजमध्ये फिटर. अंगाला ग्रीस, डिझेल, वरून तंबाखू. त्यांची गादी बाहेरच्या खोलीत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायको वेगळे झोपतात ते भांडणाने, आमचं नाकाने झालं. दुपारी गॅरेजच्या कँटीनमध्ये कांदा खाऊन यायचे आणि दारातूनच तोंडावर हात धरून बोलायचे, जसा काही मी पोलीस. पण वन्संचं ऐका. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात, जिभेला धार आणि गुडघ्यात वारा. वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ बाम चोळायच्या. तो बाम म्हणजे घरात शिरलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढणारा. मी काही बोलले नव्हते. मला तोंड नव्हतं त्यांच्याकडे तेवढं मागायला. त्यांनीच डबी झाकण घट्ट लावून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "घे, कुठेतरी नेऊन टाक. डोळ्यांसमोर राहिली तर माझा हात जाईल." आणि मग गरम पाण्याची पिशवी. तेव्हापासून मी रोज ती पिशवी धरून बसते.

आणि काम काही सुरू होईना. हवा खेचून घेणारं कसलंसं मशीन यायचं होतं, ते आल्याशिवाय त्या खोल्यांमध्ये वास ओळखता येणार नव्हता. पुढच्या आठवड्यात. पुढच्या महिन्यात. मशीन बंदरात आलंय. मशीन आलंय पण चुकीचं आलंय. मध्येच लाँड्रीतली जुनी मैत्रीण आली, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जागा आहे म्हणाली, उद्यापासून ये. तिच्या अंगाला ब्लीचचा वास होता. मी दोन पावलं मागे सरकले आणि नाही म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं मला शिंगं फुटली. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, फोडणीत नुसतं जिरं, आणि मनात आलं, आपल्याला वेड तर नाही लागलं? असले लोक असतात की, बस बंद झालेल्या थांब्यावर छत्री घेऊन उभे. कुणी सांगायला जात नाही त्यांना.

पण तोवर माझ्या नाकात काहीतरी व्हायला लागलं होतं. कसं सांगू. पंखा चालू असतो ना घरात, त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, बंद पडला की कळतं, अरे, इतका वेळ हा आवाज होता! तसं पहिले काही आठवडे नुसतं बंद पडल्यासारखं, आणि मग एकेक वास वेगळा होऊन पुढे यायला लागला. स्टीलच्या पेल्याला वास असतो, माहितीय तुम्हाला? कुलपाला असतो. उन्हात राहिलेल्या चपलेला, ओल्या पुठ्ठ्याला, मुलं नुकतीच धावून गेलेल्या जिन्याला. यांच्या शर्टावरून मला कळायला लागलं, आज जुनी बस उघडली होती की नवी. राग आलेल्या माणसाला वास असतो, तापलेल्या वायरसारखा. एकदा मी ट्रंक उपसत होते, तळाला आईची जुनी शाल होती. मी स्वतः किती वेळा धुतलीय ती. झटकली मात्र आणि मी होते तिथे खालीच बसले. आईचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, फोटो एकच आहे आणि तो हललेला. पण त्या दुपारी ती अख्खी आली. केस विंचरताना फणी दातात धरायची ती, कोळशाच्या इस्त्रीवर फुंकर घालायची ती, माझ्यावर चिडून मग माझ्याच डोक्याचा वास घ्यायची ती. शाल मी परत घडी घालून ठेवली, हळू, जशी काही ती जागी होईल. मनात म्हटलं, हे जे उघडलंय आत, हे पुन्हा बंद होणार. ते मशीन येणार नाही, मी परत कुठेतरी ब्लीचमध्ये हात घालणार, आणि आई परत जाणार.

अशी माझी अवस्था, आणि त्यावर तो फोन. बघू. संध्याकाळी हे आले, दारातूनच सगळं ऐकलं, म्हणाले, "मिळतंय ते घे. भांडायला गेलीस तर तेही जाईल. आपल्याला कोण विचारतंय?" मी पण मान हलवली. खरं सांगते, मी घेणारच होते. मान हलवायची सवय असते आपल्याला. पण आतून वन्सं कडाडल्या, "तू गप रे! हिचं नाक राहू दे बाजूला, माझे गुडघे पाच महिने त्या कंपनीत कामाला आहेत!" आम्ही दोघं हसलो. हे हसत हसत हात धुवायला गेले. माझं हसू मात्र मध्येच थांबलं. कारण म्हातारी खरं बोलली होती. घरात कोण कामाला नव्हतं? हे बाहेरच्या खोलीत झोपत होते ते कामच होतं. मी हॉस्पिटलला नाही म्हटलं ते काम होतं. मशीन त्यांचं बंदरात अडकलं होतं, आमचं घर तर सही केली त्याच दिवशी सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले. बसमध्ये मनातल्या मनात वाक्यं जुळवली, उतरेपर्यंत सगळी विसरले. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी नव्हतं, तरी गर्दी होती. ओला रेनकोट, संत्रं, नवीन चामड्याची पिशवी, घाबरलेला कुणीतरी. तो घाबरलेला वास माझाच आहे हे तिसऱ्या मजल्यावर कळलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाची असावी, मला मुलगी असती तर. गोड बोलणारी, केस घट्ट बांधलेले, टेबलावर सगळं ओळीत. मी बसले आणि ती म्हणाली, "बोला ना काकू." आणि काय सांगू तुम्हाला, पोरीने दुपारी कच्चा कांदा खाल्ला होता! पाच महिन्यांनी तो वास असा समोरून आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इथे माझ्या जन्माचा सवाल, आणि मी आवंढे गिळतेय.

"मॅडम, आधी ठरलं होतं कायमचं. तसंच ठेवा."

"काकू, काम उशिरा सुरू होतंय ना, त्यामुळे सगळंच नव्याने ठरलंय. बाकीचे सगळे तयार आहेत."

"उशीर माझ्याकडून झाला का?"

"नाही हो. कुणाकडूनच नाही. मशीन..."

"मशीनला ठेवा मग शिकाऊ. ते आत्ता आलंय. मी पाच महिन्यांपासून कामावर आहे."

ती हसली, पण नीट हसली, चेष्टेने नाही. "कामावर कशा?"

मग मी सांगितलं. कांद्याची टोपली, बाहेरची गादी, बामची डबी, हॉस्पिटलची नोकरी. सांगताना मला वाटत होतं, हिचा चेहरा बदलेल. बदलला. पण भलताच. ती हळूहळू पुढे वाकली, आणि तिच्या डोळ्यांत दया आली. म्हणाली, "काकू... अहो, ते नाक जपायचं फक्त कामाच्या आदल्या संध्याकाळपासून असतं. काम असेल तेव्हा. घरी रोज कुणीच पाळत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं पाच महिने पाळायला?"

खोलीतला पंखा एकदम मोठ्याने फिरायला लागला असं वाटलं. कुणी सांगितलं? कुणीच नाही. नाकवाले साहेब म्हणाले होते, आता जपायचं. आणि मी 'आता' म्हणजे आता समजले. आपल्यासारख्या माणसाला कुणी कधी हत्यार दिलेलं नसतं, त्यामुळे दिलं की आपण त्याला उशाशी घेऊन झोपतो. मला वन्सं दिसल्या, भिंत धरून बाथरूमला जाणाऱ्या, दात आवळून. म्हणजे ते सगळं फुकट. मी घरी जाऊन काय सांगू, वन्सं, माझी ऐकण्यात चूक झाली? उठावं आणि जावं असं वाटलं, सोमवारी खाली मान घालून यावं. उठले पण. पाय दाराकडे वळले पण. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी परत खुर्चीत बसले. धप्पकन. मॅडम दचकली. मी म्हटलं, "नाकवाल्या साहेबांना बोलवा."

साहेब आले, तेच बटणाएवढं नाक. मॅडमने त्यांना थोडक्यात सांगितलं, काकूंचा जरा गैरसमज झाला, पाच महिने घरात कांदा नाही वगैरे. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "साहेब, एक सांगा. माणसाला तीन महिने शिकाऊ का ठेवता? टॉवेल हुंगायला शिकवायला तीन महिने लागतात?"

"शिकवायला आठवडा पुरतो," साहेब म्हणाले.

"मग तीन महिने कशाला?"

"नाक निवळायला. लोक वर्षानुवर्षं तंबाखू, मसाला, अत्तर घेऊन येतात. गढूळ पाणी कसं, भांड्यात तसंच ठेवलं की गाळ बसतो आणि वर स्वच्छ होतं. तसं नाक निवळावं लागतं. निवळलं तर कायम, नाही तर..." आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांच्या लक्षात आलं.

मी काही घाई केली नाही. अठरा वर्षं इस्त्री केलीय, गरम लोखंड कापडावर किती वेळ ठेवायचं ते कळतं मला. शेवटी म्हटलं, "ते माझं झालंय. तीनच्या जागी पाच. मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. चूक माझी. पण काम तुमचं झालं. तुमच्या खोलीत झालं असतं तर तुम्ही पगार दिला असता. पगार मी मागत नाही. माझी तारीख द्या. सही केली ती तारीख. त्या दिवसापासून मला धरा, म्हणजे शिकाऊपण संपलं आणि सोमवारी मी येते ती कायम."

मॅडम म्हणाली, "असं कसं करता येईल? बाकीचे काय म्हणतील? सगळे नव्या अटीवर..."

"सगळे कुठे?" साहेब पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. "दोघं दुसरीकडे गेले. एक काल येऊन गेला, तोंडात तंबाखूचा तोबरा तसाच. मला सोमवारी पहिला टॉवेल कुणाला द्यायचा हाच प्रश्न आहे."

मॅडमने पेन्सिल टेबलावर आपटली. चिडली नव्हती, विचार करत होती. मग म्हणाली, "ठीक आहे. पण आधी एक छोटी परीक्षा घेऊ. नाक खरंच निवळलंय का ते दिसेल. काकू, चालेल ना?"

एरवी मी लगेच हो म्हटलं असतं. कुणी परीक्षा घेतो म्हटलं की आपण हात पुढे करतो. पण त्या क्षणी मला माझं नाक, म्हणजे आत जे उघडलं होतं ते, एकदम माझं वाटलं. भांड्यातलं निवळलेलं पाणी कुणी बोट घालून बघायला लागलं की जसा जीव तुटतो तसं झालं. मी म्हटलं, "नाही. परीक्षा झाली माझी, सही करायच्या आधी. आता दिलेला शब्द राखायची पाळी तुमची आहे. मी जागेवरून हलत नाही, पण हात पण पुढे करत नाही." आवाज माझाच होता, पण मी तो पहिल्यांदा ऐकत होते. लाँड्रीत असा आवाज काढला असता तर! आणि लगेच वाटलं, गेलं. आता गेलं. आमच्या यांचं खरं होतं, मिळतंय ते घ्यायचं. मला तापलेल्या वायरचा वास येतोय का म्हणून मी हळूच श्वास घेतला. नव्हता. मॅडमच्या बाजूने नुसता कांदा, आणि साहेबांच्या बाजूने काहीच नाही. कोरा कागद. मला वाटलं, हा माणूस किती वर्षं घरी कांद्याशिवाय राहिला असेल!

"मी पण रोज पाळतो," साहेब म्हणाले. मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघून. "वीस वर्षं. मला पण कुणी सांगितलं नव्हतं." मग मॅडमकडे वळून, "सहीची तारीख टाका."

"वरती काय सांगू मी?"

"सांगा, मशीन उशिरा आलं, नाक वेळेवर आलं."

मॅडम हसायला लागली. पोर चांगली हो, नाही म्हणणाऱ्यातली नव्हती आणि बघू म्हणणाऱ्यातलीही नव्हती, कुणीतरी तिच्या तोंडात तो शब्द घालून दिला होता. तिने आत जाऊन कुणाला तरी फोन केला, बराच वेळ, मध्ये दोनदा तिचा आवाज चढला, माझ्यासाठी चढला. मी आणि साहेब बाहेर बसलो होतो, दोन कोरे कागद शेजारी शेजारी. ती आली आणि खुर्चीत बसता बसता बोटं कीबोर्डवर चालवायला लागली. म्हणाली, "झालं. कायम. सहीच्या तारखेपासून." एवढंच. ढोल नाही, ताशा नाही. पण माझ्या तळपायापासून काहीतरी वर चढत आलं, ऊन चढावं तसं, आणि कमरेची जी शीर अठरा वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी आखडलेली होती ती सुटली. सुटली म्हणजे खरोखर, मला आवाज आला.

"मग काकू, सोमवारी नऊ वाजता," मॅडम म्हणाली.

मी उठले, पदर सारखा केला, आणि मग डोक्यात आलं ते आलं. परत बसले. मॅडम म्हणाली, "आता काय?"

"कायम माणसाला भरपगारी रजा असते ना?"

"असते."

"दर महिन्याला साठते?"

"साठते... का?"

"मग पाच महिन्यांची माझी साठली असेल."

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. तिने पडद्यावर बघितलं, बोटांनी काही मोजलं, परत माझ्याकडे बघितलं. "साठलीय," ती म्हणाली, जशी काही तिचीच चोरी सापडली. नाकवाले साहेब, तो अबोल वाळका माणूस, टेबल धरून हसत सुटले, ते थांबेनात, डोळे पुसायला लागले.

"सोमवार टाका," मी म्हटलं. "मंगळवारी येते."

"कारण काय लिहू?"

"लिहावं लागतं?"

तिने जरा विचार केला. "कायम असलात तर नाही."

सोमवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन दाराच्या पायरीवर जाऊन बसले. समोरून माणसं डबे घेऊन पळत होती, बस चुकलेला एक जण ड्रायव्हरला शिव्या घालत होता, कुणाची तरी ओळखपत्राची दोरी मागे उडत होती. नऊ वाजून गेले. आतून वन्सं ओरडल्या, "अगं ए, बसलीस काय अशी? पहिलाच दिवस ना तुझा? कामावर जायचं नाही?"

"रजेवर आहे मी," मी म्हटलं.

मग त्या भिंत धरत धरत बाहेर आल्या, माझ्या शेजारी मोठ्या कष्टाने बसल्या, आणि म्हणाल्या, "सरक तिकडे. मी पण आहे."